बेबीचा चार्ट

फोन आला तेव्हा माझा डावा हात खांद्यापर्यंत एका गायीच्या आत होता. हिवरे बाजारच्या अलीकडचा गोठा. गाय गाभण आहे का, हे आम्ही अजूनही शेणाच्या वाटेने हात घालून, गर्भाशय चाचपून बघतो. मोबाईल शर्टाच्या खिशात वाजत होता. गोठ्याचे मालक भाऊसाहेब यांनी तो काढला, दोन शब्द ऐकले आणि माझ्या कानाला लावला.

"कोन सिस्टर हायेत. मांजराचं म्हनत्यात कायतरी."

"डॉक्टर, बेबीचं तोंड सुजलंय," पलीकडून साळवे सिस्टर म्हणाल्या. "डोळ्यांखाली आणि हनुवटीला. काल नव्हतं."

बेबी म्हणजे त्यांची मांजर. दोनच दिवसांपूर्वी, सोमवारी, मी तिची नसबंदी केली होती आणि डाव्या कानात ओळखीची खूण म्हणून टॅटू केला होता.

"सूज डावीकडे जास्त आहे का?" मी विचारलं.

"थोडी जास्त वाटते खरी."

"मग गोंदल्याचीच असेल. शाई सोसत नाही एखाद्याला. चार वाजता क्लिनिकला आणा, बघतो."

"बरं. चार वाजता आणते."

गाय गाभण होती, साडेतीन महिन्यांची. भाऊसाहेब खूश झाले, त्यांनी चहा पाजला. मी तो निवांत बसून प्यायलो. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

आता आधीचं सांगतो. मी मुळात गायीम्हशींचा डॉक्टर. नोकरी सगळी सरकारी दवाखान्यांत गेली, मिरजगाव, काष्टी आणि मधली चार-पाच गावं. म्हशीच्या कासेची दगडी, शेळ्यांची पोटफुगी, बैलाचं मोडलेलं शिंग, हा माझा संसार. रिटायर झाल्यावर नगरला छोटं क्लिनिक टाकलं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडातून नगरच निघतं. शहरात म्हशी कमी आणि मांजरं जास्त, त्यामुळे म्हातारपणी नवी विद्या शिकावी लागली. मदतीला मंदाबाई आहेत. मूळच्या काष्टीच्या, मांजर धरण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

साळवे सिस्टर या माझ्या जुन्या ओळखीच्या. मिशनच्या दवाखान्यात लेबर वॉर्डला त्यांनी चाळीस वर्षं काढली. माझी मुलगी त्यांच्याच हातावर झाली. त्या दिवशी मी कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होतो तेव्हा त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही चालल्याने बाळ लवकर येत नाही. बसा तिथे." मी बसलो. तेव्हापासून त्या दिसल्या की मी आपोआप सरळ बसतो. लग्न त्यांनी केलं नाही. रिटायर झाल्यावर चर्चच्या कंपाउंडमधल्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. आणि ही मांजर. लेबर वॉर्डात नाव ठेवेपर्यंत प्रत्येक बाळ 'बेबी'च असतं. मांजरीचंही तेच राहिलं.

बेबी दोनदा व्याली होती. दुसऱ्या खेपेची चारही पिल्लं कुत्र्यांनी नेली. "तिसऱ्यांदा मला बघवणार नाही," सिस्टर म्हणाल्या, म्हणून ऑपरेशन ठरलं. मांजरीची नसबंदी म्हणजे पोटाला छोटा छेद देऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढून टाकायची. नंतर बाहेरून काही कळत नाही, हीच पंचाईत. त्या कंपाउंडमध्ये बेबीसारख्याच आणखी दोन तिरंगी मांजरी होत्या, आणि भटक्या मांजरांना नसबंदीसाठी पकडून नेणारी गाडीही यायची. खूण नसेल तर झालेलं पोट पुन्हा उघडलं जातं. म्हणून भूल असतानाच कानाचं टोक कापायची पद्धत आहे.

सिस्टरांनी त्याला साफ नकार दिला. "कान कापायचा नाही. आमच्याकडे बाळाच्या हाताला टॅग बांधायचो, बोट नाही कापायचो."

मला हसू आलं आणि माझी जुनी विद्या आठवली. पूर्वी आम्ही शेळ्यांच्या, वासरांच्या कानात आकडे गोंदायचो. शेळीचा तो चिमटा मांजराच्या कानाला फार मोठा. म्हणून बारीक सुईने, हिरव्या शाईने, कानाच्या आतल्या बाजूला एक छोटा आकडा टोचला. मंदाबाई म्हणाल्या, "आमच्या आजीच्या कपाळाला असंच हुतं." मग बेबीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "लई गरीब मांजर हाय. न्हाईतर बाकीची भुलीतबी वरबाडत्यात."

ऑपरेशन उत्तम झालं. रक्त जेमतेम चमचाभर. वेदनेचं इंजेक्शन दिलं, त्याचा असर दिवसभर राहतो. संध्याकाळी बेबीने मान उचलली आणि सिस्टरांकडे बघून एक बारीक आवाज काढला. सिस्टरांनी चष्मा काढून पुसला.

आता माझी चूक सांगतो. क्लिनिकमध्ये एक छापील कागद आहे. घरी काय करायचं, काय नाही, अशा बारा ओळी. उडी मारू देऊ नका, टाके चाटू देऊ नका, शी-शूला माती-वाळूऐवजी कागदाचे तुकडे ठेवा, वगैरे. चौथी ओळ अशी: माणसांचं कोणतंही औषध देऊ नका. हा कागद मी प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवतो. खाली 'वाचून समजले' असं लिहिलंय, तिथे सही घेतो. भाजीवाल्याची घेतली आहे, बँक मॅनेजरची घेतली आहे. त्या दिवशी कागद हातात घेतला आणि समोर साळवे सिस्टर उभ्या. ज्यांनी मला खुर्चीत बसवलं होतं त्यांना मी आता टाके चाटू देऊ नका म्हणून वाचून दाखवणार? मला लाज वाटली. मी कागद परत ड्रॉवरमध्ये टाकला.

"तुम्हाला काय सांगायचं, सिस्टर," मी म्हणालो.

"पोस्ट-ऑपरेटिव्हची काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "तेवढं मला येतं."

आम्ही दोघंही हसलो.

बुधवारी चारला पाच कमी असताना रिक्षा दाराशी थांबली. सिस्टर आत आल्या. हातात पुठ्ठ्याचा खोका, त्यात मऊ दुपट्याची घडी, एका बाजूला टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. बेबीच्या अंगात झबलं होतं. जुन्या मऊ चादरीचं, पाठीवर नाड्या, चार पायांना चार भोकं. टाके चाटू नयेत म्हणून शिवलेलं. मी प्लास्टिकची कॉलर देतो, मांजरं ती घालून भिंतीला धडकत फिरतात. हे झबलं त्याहून कितीतरी बरं होतं. इतकी नीट शुश्रूषा माझ्या एकाही पेशंटची घरी झालेली नाही, हे मी आजही सांगतो.

"ताप उतरलाय, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पण मान टाकलीय. आणि सूज वाढलीय."

ताप हा शब्द मला खटकला. ताप आल्याचं फोनवर त्या बोलल्या नव्हत्या. मी टॅटू बघितला. कान स्वच्छ, गार, जरासुद्धा लाल नाही. सूज कानाजवळ नव्हतीच. ती दोन्ही गालांना होती आणि पुढच्या दोन्ही पंजांनाही. मी बेबीचा ओठ वर केला. हिरडी गुलाबी असायला हवी. ती तपकिरी होती, चॉकलेटसारखी.

मंदाबाईंनीही बघितलं. "सायेब, ह्ये काय झालं वो?"

मी सिस्टरांना विचारलं, "काही औषध दिलंय का हिला?" जनावरांच्या डॉक्टरने विचारायचा हा पहिला प्रश्न. तो मी सहा तास उशिरा विचारला.

"चार्ट आणलाय," त्या म्हणाल्या आणि पर्समधून घडी केलेला कागद काढून दिला.

फूटपट्टीने रेघा मारलेला चार्ट होता. टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन, दर सहा तासांनी. अक्षर छापल्यासारखं. मंगळवार सकाळ आठ: टेंपरेचर १०१.८, पॅरासिटॅमॉल ड्रॉप्स दिले. दुपारी दोन: १०२, ड्रॉप्स दिले. रात्री आठ: १०१.६, ड्रॉप्स दिले. मध्यरात्रीनंतर दोन: १०१.८, ड्रॉप्स दिले. बुधवार सकाळ आठ, पुन्हा तेच. मग मला केलेल्या फोनची नोंद: डॉक्टरांशी बोलले, चार वाजता बोलावलं आहे. त्याखाली दुपारी दोन: १००.८, ड्रॉप्स दिले. आणि शेवटची ओळ साडेतीनची: ९८.४. तिच्यापुढे त्यांनी 'नॉर्मल' लिहून खाली रेघ मारली होती.

मी तो चार्ट दोनदा वाचला. मांजराचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं. एकशे एक, एकशे दोन हे तिचं रोजचं टेंपरेचर. बेबीला ताप आलाच नव्हता. आणि ज्याला त्या नॉर्मल म्हणत होत्या ते ९८.४ म्हणजे मांजर गार पडत चाललं होतं. पॅरासिटॅमॉल हे माणसाच्या तान्ह्या बाळाला चालणारं औषध मांजराला विष आहे. ते पचवायची सोय तिच्या लिव्हरमध्ये नाही. रक्त तपकिरी पडतं. छाती वरखाली होत राहते, पण प्राणवायू अंगात पोचत नाही.

"टॅटूमुळेच ना?" सिस्टरांनी विचारलं.

खरं सांगतो, हो म्हणायचा मोह झाला. शाईवर ढकललं असतं तर कुणाला कळलं नसतं. सकाळी मीच तसं म्हटलं होतं. पण उतारा मागवायचा तर त्याचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि तो माझ्याकडे नव्हता. माणसांच्या दवाखान्यातच मिळणार होता.

"सिस्टर, अॅसिटिलसिस्टीनचं इंजेक्शन हवंय. लगेच. तुमच्या ओळखीने कुठे मिळेल?"

त्यांनी पर्समधला मोबाईल काढला आणि थांबल्या. "ते तर पॅरासिटॅमॉलच्या ओव्हरडोसला देतात."

मी चार्टवरच्या 'ड्रॉप्स दिले' या शब्दांवर बोट ठेवलं.

"मी ओव्हरडोस नाही दिला," त्या हळू म्हणाल्या. "वजन करून काढला होता. तीन किलो. तीन किलोच्या बाळाला देतो तेवढाच."

"बाळाला बरोबर आहे, सिस्टर. मांजराला एक थेंबही चालत नाही."

त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. त्यांनी मिशनच्या दवाखान्यात फोन लावला. "मीरा, साळवे सिस्टर बोलतेय. फार्मसीत अॅसिटिलसिस्टीन बघ. आत्ता. रिक्षाने पाठव, पत्ता देते." आवाज वॉर्डातला होता. वीस मिनिटांत इंजेक्शन आलं.

नंतरचे तीन तास आम्ही तिघं त्या टेबलाभोवती होतो. क्लिनिकमध्ये ऑक्सिजनचं जुनं मशीन आहे, ते लावलं. मांजराच्या तोंडावर बसेल असा मास्क नव्हता, तर सिस्टरांनी कागदी कपाचा करून दिला. मी शीर शोधत होतो, ती मिळेना. सिस्टर म्हणाल्या, "मी धरते," आणि त्यांनी पंजा असा धरला की शीर वर आली. नंतर त्या दर पंधरा मिनिटांनी टेंपरेचर घेत होत्या आणि चार्टवर लिहीत होत्या. ९८. ९७.६. आता आकड्यांपुढे काही लिहीत नव्हत्या.

सहाच्या सुमाराला बेबीने डोळे उघडले. मंदाबाई म्हणाल्या, "बगा, बगा, वळकतीय." सिस्टरांनी खाली वाकून तिच्या डोक्याला नाक लावलं. मलाही आशा वाटली. उतारा वेळेत गेला तर वाचतात काही. सकाळी दहाला मी दोन प्रश्न जास्त विचारले असते तर दुपारचा डोस टळला असता आणि उतारा सहा तास आधी गेला असता. एवढ्याने ती वाचली असती का? सांगता येत नाही. असं लिहितो खरं, पण मला वाटतं, वाचली असती.

सातला बेबीचा श्वास अडकायला लागला आणि दहा मिनिटांत थांबला. मी स्टेथोस्कोप लावून बसून राहिलो. सिस्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, गेली ती." मग घड्याळ बघून वेळ लिहिली.

मंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "सिस्टरबाई, झबलं काडू का?"

"राहू दे अंगात. गार पडलीय ती."

मी हात धुवायला गेलो. नळ सुरू केला आणि तिथेच मला रडू आलं. साठी उलटलेल्या माणसाने मांजरासाठी रडावं का, असं कुणी म्हणेल. मी नुसता मांजरासाठी रडत नव्हतो.

परत आलो तर सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर खोका. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "एवढी मोठी गोष्ट आहे तर तुम्ही लोकांना सांगत असालच."

"सांगतो. कागद आहे."

"बघू."

मी ड्रॉवर उघडून कागद दिला. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. चौथ्या ओळीवर बोट ठेवून थांबल्या.

"हा मला दिला होता का?"

"नाही."

"का?"

"तुम्ही सिस्टर आहात म्हणून."

"मी माणसांची सिस्टर होते, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

चूक माझी आहे, असं मी म्हणालो. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उरलेल्या ओळी त्यांनी वाचून काढल्या, मग विचारलं, "यात नॉर्मल टेंपरेचर किती ते कुठे आहे?"

नव्हतं. घरी कुणी मांजराचं टेंपरेचर घेईल असं मला कधी वाटलंच नव्हतं. सिस्टरांनी पेन मागून घेतलं आणि समासात, त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: मांजराचं नॉर्मल टेंपरेचर १०० ते १०२.५. हा ताप नाही. मग खाली, 'वाचून समजले' लिहिलंय तिथे, सही केली आणि कागद मला परत दिला.

रिक्षापर्यंत मी खोका धरायला गेलो. त्यांनी दिला नाही.

चर्चच्या कंपाउंडमध्ये मागच्या भिंतीशी बेबीला पुरलं, असं मंदाबाईंकडून कळलं. त्या गेल्या होत्या, मी गेलो नाही. धीर झाला नाही. दोन महिन्यांनी सिस्टर बाजारात भेटल्या. मुलगी कशी आहे, नातू किती मोठा झाला, सगळं विचारलं. मांजराचा विषय निघाला नाही. दुसरी मांजर त्यांनी आणलेली नाही. दाराशी येणाऱ्या त्या दोन तिरंगी मांजरींना वाटीत जेवण ठेवतात आणि दार लावून घेतात, असंही मंदाबाईच सांगतात.

कागद मी नवीन छापून घेतला. टेंपरेचरची ओळ आता सगळ्यात वर आहे, सिस्टरांच्याच शब्दांत. जाणत्या माणसाला जास्त सांगायचं नाही, हा आपल्याकडे मान द्यायचा प्रकार आहे. माझ्या धंद्यात तो पेशंटच्या जिवावर बेततो. मागच्या महिन्यात शहरातले एक सर्जन आपल्या मांजरीचं ऑपरेशन करून घ्यायला आले होते. घरी नेताना मी कागद वाचायला घेतला. दुसऱ्या ओळीला ते घड्याळाकडे बघून हसले.

"अहो, मी डॉक्टर आहे."

"म्हणूनच वाचतोय," मी म्हणालो.